बोटाच्या मापाचा चाप

हिंगोलीत हळद शिजायला लागली की हवा जड होते. भर उन्हातही डोळ्यांपुढे पातळ धुकं धरल्यासारखं वाटतं आणि आवाज लांबून आल्यासारखे येतात. त्या दिवसांत दुपारची मी पोलीस कँपातल्या एका रिकाम्या गोदामात उभी असायचे. उजवा हात सरळ लांब केलेला, हातात हवेचं पिस्तूल, समोर दहा मीटरवर कागद, कागदावर काळं वर्तुळ. बाकी जग पुसून गेलेलं. असं पुसलेलं जग मला त्याआधी फक्त ताप आल्यावर दिसायचं.

मी वेंगुर्ल्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली आणि आईबरोबर काजूच्या कारखान्यात जायला लागले. लग्न झालं, नवरा पोलिसात, त्याची बदली हिंगोलीला. समुद्र मागे राहिला, घाट मागे राहिले, आणि एका सकाळी मी अशा ठिकाणी उतरले जिथे आकाश जमिनीला सगळीकडून टेकलेलं होतं. मला त्याचीसुद्धा भीती वाटली. भीती मला कशाचीही वाटायची. नवरा बंदोबस्तावर गेला की दोन-दोन महिने यायचा नाही. दारावर कोणी हाक मारली तरी मी आधी कडी तपासायचे. नळाला पाणी आलं तरी मी दचकायचे.

नव्वदीच्या दशकाचे ते शेवटचे दिवस. कँपातल्या मोठ्या साहेबांनी पोलिसांच्या घरच्या बायकामुलींसाठी नेमबाजीचा वर्ग काढला. माणसं बाहेर असतात, बायकांनी नुसतं वाट बघत का बसावं, असं त्यांचं म्हणणं. शेजारणीने मला ओढत नेलं. ती स्वतः चार दिवसांत कंटाळली. मी राहिले, कारण तिथे कोणी बोलायचं नाही आणि मला बोलावं लागायचं नाही.

शस्त्रं दुरुस्त करणारे एक मामा होते, डोंगरकडा गावचे. रिटायर व्हायला आलेले. वर्गाचं सगळं तेच बघायचे. पहिल्या दिवशी मी पिस्तूल अंगापासून लांब धरलेलं बघून म्हणाले, "काहून भिऊन राहिलीस, पोरी? हवेचं हाय ते. बैल न्हाई, अंगावर यायला."

चांगलं पिस्तूल एकच होतं, परदेशी. त्याचा चाप आधी थोडा सैल मागे यायचा आणि एका जागी अडायचा. त्या अडण्याला सगळे पायरी म्हणायचे. पायरीवर बोट टेकवून थांबायचं, श्वास अर्धा सोडायचा, आणि मग इतकं हळू दाबत न्यायचं की छर्रा कधी सुटला ते आपल्यालाच कळू नये. मला ती पायरी कळायचीच नाही. मी सैल चाप ओढत असतानाच फट व्हायचं आणि भोक कागदाच्या कोपऱ्यात. साहेब म्हणाले, एकाग्रता कमी आहे. मी मान हलवली. माझ्यात काहीतरी कमी आहे हे मला पटायला वेळ लागत नसे.

मामांनी मात्र एके दिवशी माझा हात उजेडाकडे धरला. "हे बोट असं काहून?"

काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं. वर्षानुवर्षं जळून बोटांची टोकं काळी आणि जाड झाली होती. गरम भाकरी मी चिमट्याशिवाय उलटायचे. त्या बोटाला पिस्तुलाची नाजूक पायरी कुठून कळणार?

"तरीच," मामा म्हणाले. "कंपनीनं चाप केला तो त्यांच्याकडच्या लोकायच्या बोटासाठी. तुह्या बोटाचं त्याह्यला काय माहीत?"

मग त्यांनी माझ्यासाठी चाप करायला घेतला. जुन्या नळाचा पितळी तुकडा होता, तो कापून, वळवून, माझ्या बोटाएवढा रुंद केला. त्यावर कानशीने आडव्या-उभ्या रेघा पाडल्या. आतली स्प्रिंग अशी बसवली की पायरी ठसठशीत लागावी. रोज दुपारी मला बोट ठेवायला लावायचे. "लागली?" "नाही मामा." परत कानस. कानशीचा तो बारीक आवाज, गोदामाच्या पत्र्यावर कबुतरांची पावलं, बाहेर हळदीची वाफ. मी पोत्यावर बसून बघत राहायचे. माझ्या बापाने कधी माझ्या मापाची चप्पलसुद्धा घेतली नव्हती. मोठ्या बहिणीच्या यायच्या. इथे परक्या गावातला एक माणूस माझ्या एका बोटाचं माप धरून बसला होता. घरी जाऊन मी उगाचच रडायचे.

आणि एके दुपारी पायरी लागली. अंधारात चाचपडताना भिंतीला हात लागावा, तशी.

वर्गात एका साहेबांची मुलगी यायची, कॉलेजात शिकणारी. ती कंपनीच्या चापानेच मारायची आणि छान मारायची. पिस्तूल एक, आम्ही दोघी, म्हणून मामा मधे स्क्रू काढून चाप बदलायचे. तिने एकदा माझा लावून बघितला आणि बोट झटकलं. "काकू, हा चाप आहे की खवणी?"

"तुमच्याकडे नारळ कुठे आहेत खवायला," मी म्हटलं. ते माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. मामा हसून म्हणाले, "बोलती झाली बरं का."

पुण्याला राज्याच्या स्पर्धा होत्या आणि आमच्या वर्गातून निवड करून एकीला पाठवायचं ठरलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गेलीस पुण्याला तर तसंच पुढे दोन दिवस गावी जाऊन ये. रात्रीची गाडी असते." आईला मी लग्नानंतर बघितलं नव्हतं. त्याला रजा मिळत नव्हती आणि एकटीने हिंगोलीहून निघायची माझी छाती नव्हती. पण पुण्यापर्यंत कँपातली माणसं बरोबर असणार होती. तिथून पुढे फक्त एक गाडी. त्यानंतर मला कागदावरच्या काळ्या वर्तुळात आमची विहीर दिसायला लागली, आणि विहिरीपलीकडे वाकून पाणी काढणारी आई.

निवडीच्या आदल्या दुपारी मात्र भीतीने गाठलं. पितळी चाप आहे, पायरी लागते, सगळं खरं. पण उद्या नाही लागली तर? कारखान्यात असताना सणाच्या आधी आम्ही बायका बोटांचा काळा थर पाय घासायच्या वज्रीने घासून काढायचो. मला तेच आठवलं. मोरीत बसून मी चापाचं बोट घासत राहिले. बोट जरा पातळ झालं तर आणखी कळेल, एवढाच विचार. घासता घासता खालची गुलाबी कातडी आली. मला बरंही वाटलं. सकाळी बोट ठणकत होतं.

त्या सकाळी मामांनी दोन्ही चाप सगळ्यांसमोर तपासले. पिस्तूल उभं धरून चापाला नियमात ठरलेलं वजन अडकवायचं. त्या वजनाने चाप सुटला तर तो फार हलका म्हणून बाद. दोन्ही टिकले. मुलगी आधी उभी राहिली, कंपनीच्या चापाने. तिचे छर्रे एकाच जागी पडत होते. तिचं झाल्यावर मामा स्क्रू काढायला लागले आणि मी पितळी चापावर नुसतं बोट टेकवलं. रेघा उघड्या मांसात घुसल्यासारख्या झाल्या. हात आपोआप मागे आला.

बोलायचं कसं? इतक्या दुपारी घालवून केलेली वस्तू, आणि ऐनवेळी नको म्हणायचं? पण बोलले नाही तर गाडी, विहीर, आई, सगळं जाणार होतं.

"मामा, आज कंपनीचाच राहू द्या."

"काहून?"

मी बोट दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "हे कशानं केलंस?"

"वज्रीनं."

"वज्रीनं? आगं, बोट हाय का टाच हाय?" साहेबांची मुलगी तोंडावर रुमाल धरून हसली. मामा पुढे म्हणाले, "म्या इतके दिस पितळ घासून राहिलो, आन् तू बोटच घासून आलीस. आधी सांगतीस तर माह्या कानशी तरी वाचल्या असत्या."

त्यांनी पितळी चाप फडक्यात गुंडाळून खिशात ठेवला. चेहऱ्यावर राग दिसतो का, हे मी बघत राहिले. दिसला नाही. "जा, उभी राह्य," ते म्हणाले.

मी उभी राहिले. कंपनीचा गुळगुळीत, थंड चाप. ठणकत्या कातडीला त्याचा गारवा बरा वाटला. मी हळूच ओढला आणि तो अडला. तीच ती नाजूक पायरी, जी आजवर मला कधी सापडली नव्हती. मी तिथे थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. साहेब, मुलगी, गोदाम, सगळं लांब गेलं. फट झालं ते मला दुसऱ्या कोणाच्या हातातून झाल्यासारखं वाटलं. मग पुढचा. मग पुढचा. बोट दुखत होतं आणि त्या दुखण्यातूनच सगळं कळत होतं.

थोडक्या गुणांनी मी पुढे निघाले. मुलगी जवळ येऊन म्हणाली, "काकू, माझाच चाप घेऊन मला हरवलंत." मग माझ्या बोटाला लावायला घरून हळद-तूप घेऊन आली.

पुण्याला जाईपर्यंत कातडी परत जाड झाली आणि मामांनी पितळी चापच लावून दिला. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये मी कशीबशी उभी राहिले. निकालात माझं नाव खालून वाचलं तर लवकर सापडत होतं. साहेब म्हणाले, पहिली वेळ आहे. मी खरं तर ऐकत नव्हते. हातातल्या पिशवीचे बंद घट्ट धरून मी रात्रीच्या गाडीची वेळ मनात घोळवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावी आईने दार उघडलं आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. मग चहा ठेवला. मी तिला सगळं सांगितलं, पिस्तूल, कागद, साहेब, मामा. तिने नीट ऐकलं.

"म्हणजे तू थंय करतस काय?"

"उभी रवतंय," मी म्हटलं. सांगण्यासारखं तेवढंच होतं.

"उभी रवाक तुका पुण्याक न्हेल्यानी?"

"होय."

ती चुलीकडे वळली, लाकूड आत सारलं. पाठमोरीच म्हणाली, "आणि जेवाक घातल्यानी?"

"घातल्यानी."

"मगे बरी माणसां हत," आई म्हणाली, आणि माझ्या पुढ्यातल्या कपात तिने आणखी चहा ओतला.