सुभद्रेच्या सुतावर माझी चिठ्ठी

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. सख्ख्या भावापाशी नाही, मुलापाशी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्यापाशीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलायला बरं पडतं — आणि ओळखत असाल, तर 'नियमाचे मास्तर' म्हणूनच ओळखत असाल. त्या नावाबद्दलच बोलायचं आहे.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. अल्लीपूरच्या पुढे एका लहान गावात मी शाळामास्तर होतो. त्या काळी आमच्या वर्धा जिल्ह्यात माणसाचं वजन त्याच्या नियमावरून ठरे. कोण पहाटे किती वाजता उठतो, कोणी चहा सोडला, कोण रोज सूत काततो — सोयरीक जुळवतानासुद्धा लोक हे विचारत. एका सोमवारी मीही वर्गात फळ्यावर चार नियम लिहिले. पाचच्या आत उठणे, अर्धा तास चरखा, रोजनिशी लिहिणे, चहा बंद. पोरांना म्हटलं, हे तुमच्या मास्तरचे नियम, मोडले तर मला जाब विचारा. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मला तेच हवं होतं — आता नाही कसं म्हणू?

माझ्या बायकोनं, सुभद्रेनं, काहीच जाहीर केलं नाही. त्याच साली पोळ्यानंतर आमची तीन महिन्यांची मुलगी तापानं गेली होती आणि सुभद्रा बोलेनाशी झाली होती. मी चरखा आणला, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं आपला जुना चरखा तिला दिला. पहाटे दळण झालं की ती चुलीजवळ बसून काते. धागा तुटू नये म्हणून हात एका लयीत मागे न्यावा लागतो. मन दुसरीकडे गेलं की संपलं. त्या अर्ध्या तासात ती मुलीला विसरत होती, की मुलीजवळ बसत होती? मी विचारलं नाही. पण हळूहळू भाकरी थापताना ती एखादा शब्द बोलू लागली.

आणि माझं? पहिले बारा दिवस झकास गेले. मग पाचाचे साडेपाच झाले, साडेपाचाचे सहा. चहा शिपायाच्या घरी, मागच्या दारानं. रोजनिशी आठवड्याची एकदम लिहायचो. सात दिवस वेगळे दिसावेत म्हणून मधेच दौतीत पाणी घालून शाई फिकी करायचो. एवढी मेहनत नियम पाळायला लागली नसती! चरखा मात्र फसवता येत नव्हता. मी हिसका दिला की धागा तुटे, जोडला की गाठ. कातलेलं सूत गुंडाळून त्याची गुंडी करायची; माझी गुंडी म्हणजे चऱ्हाटाची धाकटी बहीण.

दर शनिवारी दुपारी शाळेच्या पडवीत गावातले कातणारे जमत. एकीकडे पुरुष, पलीकडे बायका. वामनकाका म्हणून एक म्हातारे होते. माणूस सरळ, जीभ सडेतोड. ते एकेक गुंडी उचलत, तिला बांधलेल्या चिठ्ठीवरचं नाव वाचत आणि सगळ्यांसमोर बरंवाईट सांगत. आमच्या दोघांच्या गुंड्या एकाच पिशवीत मीच नेत असे. चिठ्ठ्याही मीच लिहून बांधायचो, कारण सुभद्रेला अक्षर येत नव्हतं. मास्तरची बायको — आणि मी तिला साधं 'ग'ही शिकवलं नव्हतं.

पहिल्यांदा खरोखरच चूक झाली. घाईत चिठ्ठ्या उलटसुलट बांधल्या गेल्या. काकांनी सुभद्रेची गुंडी उचलली, माझं नाव वाचलं, सूत उजेडात धरलं आणि म्हणाले, "पाहा रे, हे मास्तरचं सूत. याले म्हणते नियम." मग माझी गुंडी उचलली. तिचं नाव वाचलं. गाठींवरून बोट फिरवत म्हणाले, "सुभद्राबाई, लय गाठी हायेत. मन थाऱ्यावर ठेवत जा. मास्तरकडून शिकजा."

काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आमच्या घरात काय झालं, ते सगळ्यांना माहीत होतं. बायका तिच्याकडे पाहू लागल्या आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. एका वाक्याचं काम होतं — काका, चिठ्ठ्या बदलल्या. वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी गप्प बसलो.

पुढच्या शनिवारी चिठ्ठ्या पुन्हा तशाच बांधल्या. या वेळी घाई नव्हती. दाराला कडी लावून, सावकाश बांधल्या.

हेच ते. हेच सांगायचं होतं.

सगळा हिवाळा असा गेला. दर शनिवारी मला शाबासकी, तिला समज. गुंड्या काकांकडेच राहत, आणि धागा तर तिचाही कधीमधी तुटेच, म्हणून तिला ते खरं वाटे. तिनं चरख्याची चात बदलून पाहिली, कातायचे कापसाचे पेळू दुसरीकडून आणले, अर्ध्या तासाचा पाऊण तास केला. एक दिवस मी शाळेतून आलो, तर चरखा धान्याच्या कणगीवर चढवून ठेवलेला. म्हणाली, "माह्यानं नाई होत. मन माह्यं फिरूनच राह्यलं."

तेव्हा तरी मी सांगितलं का? मी तिला उपदेश केला. नियम एकदा धरला की सोडू नये, मन आपोआप वळणावर येतं, माझ्याकडे पाहा — असं पाव तास बोललो. का? तिनं कातणं सोडलं, तर शनिवारी माझ्या नावानं द्यायला सूत कुठून आणू? तिनं ऐकून घेतलं, चरखा खाली काढला, पदरानं पुसला. त्या दिवशी मी फार चांगलं बोललो होतो, याची मला आजही लाज वाटते.

उन्हाळ्यात काकांनी माझ्या नावाच्या गुंड्या कोष्ट्याकडे देऊन धोतर विणून आणलं आणि शाळेत सगळ्या गावापुढे मला दिलं. 'नियमाचे मास्तर' हे नाव त्या दिवसाचं. सुभद्रेच्या नावाच्या गुंड्या पोत्यांची तोंडं बांधायला गेल्या.

धोतर पहिल्यांदा धुवायला तिनं विहिरीवर नेलं. मी पाणी शेंदत होतो. धोतराचं एक टोक तिनं बोटांत धरलं, अंगठा फिरवला, उन्हात धरलं, पुन्हा अंगठा फिरवला. आपल्या हातचं सूत कातणाऱ्याला कळतं. आईला पोराचं रडणं कळावं, तसं.  मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले वाटे, माह्याच हातचं सूत गाठीचं निघते."

एवढंच. धोतर पिळलं, झटकलं, दोरीवर वाळत घातलं. मी बादली भरत राहिलो.

त्यानंतर तिनं शनिवारी गुंडी दिली नाही. मीही दिली नाही. शाळेचं काम वाढलं म्हणालो, आणि ते सर्वांना पटलं. ती मात्र मरेपर्यंत रोज पहाटे अर्धा तास कातत राहिली. तापात कातलं, मुलाच्या लग्नादिवशी कातलं. फळ्यावर कधी लिहिलं नाही. मी नोकरी संपेपर्यंत दर वर्षी नव्या पोरांना नियमावर भाषण देत होतो. ते धोतर विरेपर्यंत तिनंच धुतलं. त्या विषयावर ती कधी बोलली नाही, मीही नाही, आणि चार वर्षांपूर्वी ती गेली.

गाठींचं सूत माझं होतं. धोतराचं सूत सुभद्रेचं.