डिझेलच्या वासाचे हात

मी काही लेखक नाही, आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, तेव्हा लिहिण्याचं हे धाडस माफ करा. पण आज वसतिगृहासमोर डिझेल सांडलं आणि त्या वासानं मला भूमजवळच्या आमच्या अंगणातली एक सकाळ आठवली. ताईला पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी धाराशिवला जायचं होतं, एसटी निघून गेली होती आणि काकांची जुनी जीप सुरू होऊन लगेच बंद पडत होती. "फिल्टर तुंबलाय," म्हणत काकांनी घरात आणून ठेवलेला नवा फिल्टर बाहेर काढला, तोच आई हळदकुंकू घेऊन आली. "भावजी, नवी वस्तू हाय, कुंकू लावल्याबिगर बसवू नका." "वहिनी, फिल्टर हाय, नवरी न्हाय," काका म्हणाले, पण त्यांनी तो मुकाट्यानं पुढं धरला. या गडबडीत ते डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढायचं विसरले आणि फिल्टर बदलूनही जीप पुन्हा बंद पडली. आईचा चेहरा उतरला. काकांनी हवा काढायचा स्क्रू ढिला केला, मी फिल्टरजवळचा छोटा हातपंप दाबू लागलो, पण ताईला धीर निघेना. "सरक, तू लई हळू दाबतूस!" ती दाबत असतानाच स्क्रूतून येणारे बुडबुडे थांबले, नितळ डिझेल आलं, स्क्रू आवळताच जीप धडधडली आणि हात तसेच ओढणीला पुसून ताई आत बसली. पुढं निकाल लांबत गेला, मी इकडं शिकायला आलो. परवा आईचा फोन आला. रडत-हसत म्हणाली, "तुझी ताई पोलीस झाली रं."