कौसल्येचा चौपाटीवरचा रविवार

कौसल्येने डॉक्टरांच्या मागे लागून एका रविवारची रजा मिळवली. क्षयाच्या वॉर्डात लहान मुलांना मज्जाव. आठ महिन्यांत शैला तिच्या दृष्टीस पडली नव्हती. तीन वर्षांच्या त्या पोरीने एकदा आपल्याला 'आई' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मागणं काही फार मोठं नव्हतं, पण दळभद्री नशिबाला तेवढंही जड जातं.

नवरा सीताराम तिला इस्पितळातून थेट दादरच्या चौपाटीवर घेऊन आला. वरळीच्या बीडीडी चाळीतून थोरली जाऊ रखमा शैलाला कडेवर घेऊन आली. रखमाची चार पोरं तिला आई म्हणत, त्यांचं ऐकून शैलाही म्हणू लागली होती. कुणी तिला अडवलं नाही. लेकराला आई म्हणायला कुणीतरी लागतंच की!

कौसल्या दहा हातांवर वेगळी बसली, तोंडाला पदर लावून, वारा आपल्याकडून पोरीकडे जाणार नाही अशा बेताने. शिवाजी पार्कच्या सभेला निघालेली माणसं संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत चालली होती. शैलाने त्यातलं सोयीचं तेवढं उचललं आणि भेळवाला दिसताच पाय आपटून ओरडली, "भेळ झालाच पाहिजे!" कौसल्या हसली, आणि हसण्यापाठोपाठ खोकला आला.

"शैला, थय कोण बसलासा गो?" रखमाने कौसल्येकडे बोट दाखवून विचारलं.

पोरीने निरखून पाहिलं आणि मान हलवली. सीताराम समुद्राकडे तोंड करून बसला.

"अगो, तुझी आवस ती! जल्म दिल्यान तुका!" रखमा कळवळून म्हणाली.

शैला दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. मग काय मनात आलं कोण जाणे, भेळेची मूठ पुढे धरून ती धावत सुटली. "आई, घे!"

कौसल्येचे हात आपोआप पसरले. जीव नुसता हरखून गेला. पोर दोन हातांवर आलं आणि छातीत पुन्हा खोकल्याची उबळ दाटली. तिने झटकन पदर तोंडात कोंबला आणि दुसऱ्या हाताने रखमाकडे बोट दाखवलं.

"हय येव नको! तुझ्या आईकडे जा!"

आवाज कसा चढला ते तिचं तिलाच कळलं नाही. भेळ वाळूत सांडली. शैला भोकाड पसरून मागे पळाली आणि रखमाच्या गळ्यात पडली.

उबळ ओसरल्यावर कौसल्येने तोंड पुसलं.

"वयनी, आता तिका खरा सांगू नकात," ती म्हणाली. "तुमकाच आई म्हणांदे."