न वाचलेल्या कादंबरीचा समारोप

मी कर्नल नाही. कधीच नव्हतो. महूच्या छावणीत मी सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून केली. बराकींचे, गोदामांचे आणि सर्वांत जास्त संडासांचे नकाशे काढले. बंदूक हातात धरली ती एकदाच, एका हवालदाराच्या घरी फोटो काढण्यापुरती. निवृत्तीनंतर इंदूरला राहायला आलो, मिशा ठेवल्या, आणि पाठदुखीमुळे कमरेला पट्टा बांधायला लागलो. पट्ट्यामुळे माणूस ताठ चालतो. ताठ चालणारा, मिशावाला, महूहून आलेला म्हातारा म्हणजे कर्नल, असं कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने ठरवलं आणि कॉलनीने ते मान्य केलं. सुरुवातीला मी दोन-तीनदा दुरुस्ती केली. "अरे, हम तो सिविलियन थे." लोक हसायचे, त्यांना तो विनय वाटायचा. पुढे मी दुरुस्ती करणं सोडलं. खरं सांगायचं तर कार्यक्रमांत पहिल्या रांगेत खुर्ची मिळायला लागली होती.

आमच्याकडे इंदुरातल्या लालबागच्या बाजूला एक वाचक मंडळ आहे. महिन्यातून एकदा जमायचं, एका पुस्तकावर वाचकांनी मतं मांडायची, शेवटी अध्यक्षांनी समारोप करायचा. गेल्या वर्षी एका महिन्यात लष्करातल्या स्नायपरवरची थ्रिलर कादंबरी निवडली गेली. लिहिणारी महूची, बँकेत काम करणारी, चाळिशीतली बाई. पहिलंच पुस्तक. मंडळाचे सेक्रेटरी पुस्तक घेऊन घरी आले.

"साहेब, विषय फौजी आहे. अध्यक्ष तर तुम्हीच. दुसरा कोण बोलणार यावर?"

त्या वेळी "मी बोलू शकत नाही" एवढं म्हटलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. मी पुस्तक ठेवून घेतलं. पहिली दोन प्रकरणं वाचली, शेवटची आठ-दहा पानं वाचली. मधलं वाचायला वेळ नव्हता असं नाही. क्रिकेट चालू होतं.

कार्यक्रमाला गर्दी बरी होती. वाचकांची मतं ऐकताना मी मान डोलवत होतो. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, शिव्या फार आहेत, घरात मुलं असतात. एका डॉक्टरांचं म्हणणं, इतका वेळ पोटावर पडून राहिलेल्या माणसाचे पाय सुजायला हवेत, ते कुठेच सुजत नाहीत. एका बाईंना नायकाचं लग्न व्हायला हवं होतं. मागच्या रांगेतला एक कॉलेजचा मुलगा उठून अस्सल इंदुरी ढंगात म्हणाला, "भिया, अर्धी कादंबरी झाली तरी एकच गोळी? मी तर बोर झालो." सगळे हसले. लेखिकाही हसली. तिने कोणाचंच मनावर घेतलं नाही.

मग मी उठलो. नायकाबरोबर डोंगरावर एक जोडीदार असतो, दुर्बीण घेऊन बसलेला, एवढं मला पहिल्या दोन प्रकरणांतून कळलं होतं. शेवटच्या पानांत तो नव्हता. मी म्हणालो, "स्नायपर एकटा असतो. एकटेपणा हेच त्याचं शस्त्र. हा दुर्बीणवाला म्हणजे लेखिकेची सोय आहे, संवाद लिहायला कोणीतरी हवं म्हणून आणलेला. प्रत्यक्षात असा माणूस तिथे नसतोच. हे मी जबाबदारीने सांगतो."

जबाबदारीने! हे मी टीव्हीवर पाहिलेल्या कुठल्याशा सिनेमाच्या भरवशावर सांगत होतो. टाळ्या पडल्या. लेखिकेने हात वर केला, अर्धी उठलीही. सेक्रेटरी माईक हातात घेऊन म्हणाले, "ताई, माफ करा, अध्यक्षांच्या समारोपानंतर कोणी बोलत नाही. आपली परंपरा आहे." ती खाली बसली. मी शाल घेतली, नारळ घेतला.

पुढे काय झालं ते सांगताना आजही डोकं फिरतं. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतं यायला लागली आणि सगळी मतं माझीच होती. 'जोडीदाराचं पात्र बनावट आहे, असं जाणकारांचं म्हणणं.' 'लष्कराचा अभ्यास कमी पडला.' पुस्तक ऑनलाइन विकलं जातं तिथे एकाने एकच तारा देऊन लिहिलं की इंदूरच्या एका माजी सेनाधिकाऱ्यानेच हे खोटं ठरवलं आहे. आठवड्यापूर्वी शिव्या आणि सुजलेले पाय यांवर भांडणारी माणसं आता एका सुरात बोलत होती. ज्या शिक्षिकेला शिव्या खटकल्या होत्या तिनेही आपलं मत बदलून माझं घेतलं. अरे, स्वतःची मतं बरी होती की तुमची!

मी पुस्तक वाचलं ते मात्र पश्चात्तापाने नाही. तो कॉलेजचा मुलगा रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "कर्नल साब, सातव्या प्रकरणातलं वाऱ्याचं गणित बरोबर आहे का?" मला सातवं प्रकरण आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. घरी येऊन पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. जोडीदार हाच त्या कादंबरीचा जीव आहे. तो गवताकडे पाहून वारा ओळखतो, अंतर सांगतो, "आत्ता नको" म्हणतो. गोळी झाडणारा डोळे मिटून त्याच्यावर विसंबतो. शेवटच्या पानांत तो नाही, कारण त्याआधीच तो मेलेला असतो. आणि सुरुवातीच्या मनोगतात लेखिकेने स्पष्ट लिहिलं होतं की हे पात्र महूतल्या एका खऱ्या जवानावरून घेतलं आहे. मनोगत मी कधीच वाचत नाही.

तरी खात्री करायला एका ओळखीच्या निवृत्त सुभेदाराला फोन केला. तो म्हणाला, "दोघं असतात साहेब. एकट्याला पाठवून मारायचंय का?"

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या घरी गेलो.

"मला खुलासा करायचाय. मी पुस्तक वाचलं नव्हतं."

"अहो साहेब, पूर्ण वाचतं कोण?"

"मी चुकीचं बोललो. आणि मी कर्नल नाही."

"हा तुमचा मोठेपणा आहे." त्यांनी चहा मागवला. "साहेब, आता छोडो ना. चार लोक विसरलेत, तुम्ही कशाला परत काढता? आणि समारोपाचा खुलासा, असं आजपर्यंत कधी झालेलं नाही. उद्या प्रत्येक अध्यक्ष खुलासा करायला लागला तर मंडळ चालेल कसं?"

ग्रुपवर लिहिलं. खाली नमस्काराचे पंधरा-वीस हात आले आणि कोणीतरी लिहिलं, 'केवढी ही नम्रता, सर.' मी फोन सोफ्यावर आपटला.

शेवटी बस पकडून महूला गेलो. लेखिका दारातच उभी राहिली. मी पाठ केलेली माफी म्हणून दाखवली. ती ऐकून म्हणाली, "काका, माझं सोडा. पुस्तक लिहिलं की लोक बोलणारच. पण त्या दिवशी तिसऱ्या रांगेत माझ्याबरोबर एक मावशी आल्या होत्या. ते दुर्बीणवाल्याचं पात्र त्यांच्या मिस्टरांवरून घेतलंय. त्यांना घरी कोणी कधी नीट सांगितलंच नाही, ते तिथे नक्की काय करायचे. मी त्यांच्या पलटणीतल्या लोकांना भेटून भेटून गोळा केलं. परतताना बसमध्ये मावशींनी मला विचारलं, 'म्हणजे ते तिथे नव्हतेच का गं?'"

मी मावशींचा पत्ता मागितला.

"मी सांगितलं त्यांना, होते म्हणून. पण मी पडले गोष्टी लिहिणारी. तुम्ही कर्नल."

मावशींचं घर मागच्या गल्लीत होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी गणवेशातल्या एका तरुणाचा. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या बाई. मला त्यांनी ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. संडासांच्या नकाशांसकट.

"तुम्ही तिथे गेला होता का कधी? डोंगरावर?"

"नाही."

"फौजेतच नव्हता?"

"नाही."

"मग कशाला बोललात?"

मी म्हणालो, माफ करा, जोडीदार असतो, ते नक्की तिथे होते. बाईंनी ऐकून घेतलं.

"घरी येऊन सांगितलंत, ठीक केलंत. पण साहेब, मी ते माईकवरून ऐकलं होतं. इतक्या लोकांत. इथे मला एकटीला सांगून काय होणार?"

परतीच्या बसमध्ये मला सुचलं की समारोपानंतर आमच्याकडे एकच माणूस बोलतो. आभार मानणारा. ते काम नव्या सभासदाकडे देतात, कारण आभार सुरू झाले की लोक नाश्त्याला उठतात. मी सेक्रेटरींना फोन केला. पुढच्या महिन्यातले आभार मी मानणार.

"तुम्ही? आभार? साहेब, लोक काय म्हणतील? तुमच्या लेव्हलचं काम आहे का ते?"

"माझी लेव्हल ड्राफ्ट्समनची आहे," मी ओरडलोच. "एवढंच सांगतोय ना कधीपासून!"

पुढच्या महिन्यात पक्ष्यांवरचं पुस्तक होतं. मावशी लेखिकेबरोबर आल्या, त्याच तिसऱ्या रांगेत बसल्या. समारोप झाला. मी माईकपाशी गेलो तशा खुर्च्या सरकायला लागल्या. कचोरीचा वास आत आला होता. वक्त्यांचे, अध्यक्षांचे आभार मानले आणि त्याच दमात सुरू केलं. मागच्या महिन्यात ज्या कादंबरीचा समारोप केला ती मी वाचलेली नव्हती. मी सैन्यात नव्हतो. स्नायपरबरोबर जोडीदार असतो, कादंबरीतलं खरं आहे, मी सांगितलं ते खोटं. दाराशी कोणीतरी ओरडलं, "क्या बात है कर्नल साब!" आणि टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी माईक बंद करायची खूण केली आणि तो बंद झालाही.

सभागृहात दहा-बारा माणसं उरली होती. मावशी हलल्या नव्हत्या.

"आवाज नाही आला," त्या म्हणाल्या. "भांडी वाजत होती. परत सांगा."

मी माईकवाल्याला माईक लावायला सांगितला. त्याने सेक्रेटरींकडे पाहिलं. मी म्हणालो, त्यांच्याकडे काय बघतोस, लाव. त्याने लावला. मी परत सगळं सांगितलं, सावकाश.

"आणि त्यांचं नाव घ्या."

मला नाव माहीत नव्हतं. त्यांच्या घरी अर्धा तास बसून मी ते विचारलं नव्हतं. माईकवरूनच विचारलं. बाई उभ्या राहिल्या, हुद्द्यासकट पूर्ण नाव सांगितलं. मी ते तसंच म्हटलं. इथे लिहीत नाही, कारण त्यांनी माईकवर घ्यायला सांगितलं होतं, छापायला नाही. हातात कचोरीचे द्रोण घेतलेले चार-पाच जण दारात थांबून ऐकत होते. त्यातल्या एकाने ते नाव ऐकून शेजारच्याला विचारलं, "हे कोण?"