नारळाला हात

नवऱ्यानं आणि मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सासूबाईंनी भांडण केलं नाही. तुमचा देव तुमच्यापाशी, माझा माझ्यापाशी, एवढंच म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या. शिनोलीजवळच्या आमच्या वस्तीवर ख्रिस्ती घर आमचं एकच. रविवारी आम्ही मंचरला एका घरी प्रार्थनेला जातो. लोक टोमणे मारतात, पण टोमण्यांनी अंगाला भोकं पडत नाहीत, त्यामुळे ते निभावलं.

भीती आली ती बिबट्यामुळे. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यानं शेजारच्यांची कालवड ओढ्यात ओढून नेली. वाटेच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, आणि त्याच वाटेनं माझी मुलगी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून रोज दिवेलागणीला घरी यायची.

वाघबारशीला आमच्याकडे घरटी एक नारळ शिवेवरच्या वाघोबाला जातो, वाघानं त्या घरच्या माणसांना आणि गुरांना शिवू नये म्हणून. नारळ कुणीही नेऊन फोडला तरी चालतं. आधी त्याला घरच्या सुनेचा हात मात्र लागावा लागतो. बाप्तिस्म्यापासून मी तो लावला नव्हता. कालवड गेल्यावर शेजारीण दारात येऊन म्हणाली, एका घरानं मोडलं की साऱ्या वस्तीला भोगावं लागतं, आज कालवड गेली, उद्या काय जाईल कुणास ठाऊक. तिनं माझ्या मुलीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

त्या वाघबारशीला सासूबाई सकाळीच नारळ घेऊन समोर आल्या. माझे हात भाकरीच्या पिठात होते, मी म्हणाले नंतर बघू. दुपारी आल्या तेव्हा मी भांडी घासत होते. खरं सांगायचं तर घासलेलीच परत घासत होते.

मन आतून वकिली करत होतं. नुसता हात तर लावायचा. प्रभूला सगळं कळतं, मग आईचं काळीजही कळेलच की. सिंहांच्या गुहेतून सुखरूप बाहेर आलेल्या माणसाची बायबलातली गोष्ट मी कितीदा ऐकली होती; पण गुहेत तो स्वतः होता, त्याची लेक नव्हती.

दिवस बुडाला आणि मुलगी आली नाही. फोन लागेना. नवरा टेम्पो घेऊन मंचरच्या बाजारात. तेवढ्यात ओढ्याकडून वानरं ओरडायला लागली. वानरं तशी ओरडली की बिबट्या जवळ आहे, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मी ओट्यावर बसले आणि प्रार्थना करू लागले, तर शब्द सापडेनात. नुसतं प्रभू, प्रभू.

सासूबाई शेजारी टेकल्या. नारळ पदरात होता.

"लाव गं हात. तुज्या देवाला मी सांगन, म्हातारीनं बळंच लावायला लावला म्हनून."

माझा हात उचलला गेला. खोटं कशाला बोलू, पार शेंडीपर्यंत गेला. आणि मग वाटलं, आज लावला तर उद्या याच पोरीसाठी कोणत्या तोंडानं गुडघे टेकू? मागायला माझ्याकडे दुसरं दार नव्हतं.

"न्हाई व्हनार माज्यानं, आत्या," मी म्हणाले आणि रडू फुटलं. "मी तिला आनाया जाते."

काठी घेतली, बॅटरी घेतली आणि उसाच्या वाटेला लागले. धीर वगैरे काही नव्हता. घरी बसणं त्याहून अवघड होतं, इतकंच. मागून दणदण आवाज आला. वळून पाहिलं तर सासूबाई. गुडघ्यांपायी अंगणाबाहेर न पडणारी बाई पळीनं परात बडवत येत होती.

"तुज्या येशूला सांग," त्या धापा टाकत म्हणाल्या, "म्हातारीबी संगं हाय."

मुलगी फाट्याजवळ भेटली. एसटी वाटेत बंद पडलेली, फोनचं चार्जिंग संपलेलं. परात घेतलेली आजी पाहून तिला लाजच वाटली. मी तिला इतकं घट्ट धरलं, की ती ओरडली.

नारळ सासूबाईंनी आपल्या नावानं दिला. पुढच्या रविवारी प्रार्थनेत मला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं केलं. प्रभूनं भीती काढून घेतली, असं मी म्हणेन याची सगळे वाट पाहत होते. मला तसं म्हणता आलं नाही. बिबट्या तिथंच आहे, वाटही तीच. दिवस कलला की कान ओढ्याकडे लागतात. मी प्रार्थना करते, मग बॅटरी शोधते, आणि दारात येते तर सासूबाई परात घेऊन आधीच उभ्या असतात.