नरसीतली पांढरी गाडी

आता काय सांगू तुम्हाला, तीन महिने झाले तरी माझं डोकं तापलेलंच आहे! रोज कुणाकुणावर खेकसतो, पण खरा गुन्हेगार कोण ते सांगायची लाज वाटते.

मी हिंगोलीत कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. घसारा, म्हणजे वस्तूची किंमत वर्षागणिक कशी उतरते, हे पोरांच्या डोक्यात भरता भरता माझे केस गेले. अशा माणसाला जुन्या गाडीत कोण फसवणार?

नरसीत एकाला पांढरी छोटी गाडी विकायची होती. फोनवर म्हणाला, "चहाच्या हॉटेलासमोर उभी हाये, या." बायकोला, सुनंदाला, घेऊन गेलो. हॉटेलासमोर पांढरी गाडी दिसली. आत धोतरवाले एक काका शेंगा खात बसलेले.

"आधी फोन तर लावा त्याला," सुनंदा म्हणाली.

"मला कळतं!" मी सरळ बॉनेटवर थाप मारली. "गाडी तपासायची आहे. कागदं काढा!"

काका दचकून खाली उतरले. "हायेत साहेब, समदे कागदं हायेत."

साहेब! माणसाची पारख आहे म्हातार्‍याला, म्हटलं. गाडी चौदा वर्षांची. वाकून बघितलं, गंजका पत्रा नखानं खरवडला, गुळगुळीत टायरला लाथ घातली. "असली गाडी रस्त्यावर आणता? लाज वाटत नाही?"

"चुकलं साहेब. गाडी सोडा."

सोडा? भडकाच उडाला माझा! हिंगोलीहून बोलावून घेता आणि आता सोडा म्हणता? "सोडणार नाही! आज निकाल लावूनच जाणार!"

काकांना घाम फुटला. "मंग काय द्यायचं, ते तरी बोला."

मी मनातल्या मनात चौदा वर्षांचा घसारा वजा केला. "चाळीस हजार!"

काका मटकन ओट्यावर बसले. "आवो साहेब, आख्खी गाडी तेवढ्याची न्हाई!"

बघा! घसारा मलाच शिकवून राहिले! भोवती वीसेक माणसं जमलेली. त्यांच्यासमोर माघार घेऊ?

"का नाही? बारा वर्षं हेच शिकवतोय मी. चाळीस म्हणजे चाळीस! एक रुपया कमी नाही!"

तेवढ्यात गर्दीतून एकजण पुढं आला, आवाज फोनवरचाच. "सर, तुमी इथं काहून भांडून राहिले? माझी गाडी त्या पलीकडच्या हॉटेलासमोर हाये. कवाची वाट बघून राहिलो मी."

काका हळूच उठले.

"म्हंजे तुमी आरटीओचे साहेब न्हाई?"

"नाही."

"दंड न्हाई?"

"कसला दंड? मी गाडी विकत घ्यायला आलोय!"

"चाळीस हजारांला?" काकांचा चेहरा असा उजळला म्हणता! चावी माझ्या मुठीत कोंबून म्हणाले, "घ्या साहेब! वीस माणसांसमोर बोललात, एक रुपया कमी न्हाई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! अब्रूचा सवाल, दिले पैसे. आणि पलीकडची ती चांगली गाडी? काकांनी तिथल्या तिथं घेतली, माझ्याच पैशातून इसार देऊन!

आता हे धूड माझ्या दारात उभं. धक्का दिल्याशिवाय हलत नाही. परवा एक गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फिरून म्हणालं, "पंधरा हजार."

माझं टाळकंच सरकलं. "पंधरा? अरे, एका जाणकार माणसानं चाळीस भाव काढलाय हिचा!"

"कोण गाढव तो?"

सुनंदा चहा घेऊन बाहेर आली होती. एका हातात ट्रे सावरत तिनं दुसऱ्या हातानं शांतपणे माझ्याकडं बोट दाखवलं.