पिठाच्या गिरणीवरचे मेहुणे

जगात बेसूर अशी एकही वस्तू नाही, बेसूर असतात ती फक्त माणसं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच मनुष्य मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. लग्न ठरलं तेव्हा "मुलीचा भाऊ व्हायोलिन वाजवतो" एवढंच आम्हाला सांगण्यात आलं होतं. ते खोटं नव्हतं. पेडण्यातल्या पार्से गावच्या या गृहस्थांनी बेळगावला गुरुजींच्या घरी नऊ वर्षं पाणी भरून, दळण आणून रीतसर शास्त्रीय व्हायोलिनची तालीम घेतली होती. पण गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळायच्या चार-पाच वर्षं आधी शेजारच्या एका तारवट्याने, म्हणजे जहाजावर नोकरीला असलेल्या माणसाने, सिंगापूरहून एक सिंथेसायझर आणला. मेहुण्यांनी सहज त्याची एक पट्टी दाबली आणि दुसऱ्या दिवसापासून व्हायोलिनची पेटी कपाटावर गेली. "व्हायोलिन रडायचां तां तरी माणसासारख्यां," सासूबाई म्हणायच्या, "ह्यां नुसतां घुमतां."

मेहुण्यांनी डिचोलीला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर इलेक्ट्रॉनिक संगीताचा वर्ग काढला. लोकांना वाटलं, जागा स्वस्तात मिळाली असेल. खरं कारण निराळंच होतं. खालची गिरण चालू झाली की तिची घरघर बरोबर काळी एकमध्ये असते, असा शोध त्यांना लागला होता, आणि फुकटचा तानपुरा कोण सोडतो? एकदा गिरणीचा पट्टा सैल झाला तेव्हा मेहुणे तरातरा खाली उतरले आणि अर्धा सूर उतरल्याची तक्रार करू लागले. गिरणवाला सावंतवाडीकडचा. पीठ माखलेल्या भुवया वर करून तो शांतपणे म्हणाला, "मास्तरांनू, मी पीठ दळतंय, भजन करूक नाय." तरी त्याने पट्टा आवळला. तेव्हापासून मेहुणे रोज जिन्यावरूनच त्याला नमस्कार करत.

आवाज गोळा करायची खोड तर विलक्षण. टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून ते लग्नाला जात. इब्रामपूरच्या एका लग्नात पाठवणीच्या वेळी नवरीची आई रडू लागली, तर हे तिच्या तोंडासमोर माइक धरून "वैनी, मघाचो हुंदको परत एकदा" म्हणाले. त्या घरून पुन्हा आमंत्रण आलं नाही. शिरगावच्या रस्त्यावर खनिजाचा ट्रक थांबवून त्यांनी चालकाला सात वेळा ट्रक मागे घ्यायला लावला होता, कारण दर वेळी मध्येच कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. चालक कोल्हापूरचा. सातव्यांदा तो काकुळतीला येऊन म्हणाला, "मास्तर, आणि किती मागं घिऊ? मागं शेण हाय, फुडं पोलीस हाय!" मराठी की कोंकणी हा वाद पेटला होता त्या दिवसांत तर ते दोन्ही बाजूंच्या मोर्चात मनोभावे चालले, घोषणा टिपल्या आणि एकमेकींवर चढवून एक रचना केली. ती ऐकायला दोन्ही पक्षांचे लोक माडीवर आले, आणि दोघांचीही तक्रार एकच: आमचा आवाज बारीक का? "आवाजाचां बटण एकच आसा," मेहुणे हात जोडून म्हणाले, "दोघांक कसां दिवू?"

तर अशा सुखाच्या दिवसांत बेळगावहून एक पोस्टकार्ड आलं. "रविवारी सकाळच्या गाडीने येत आहे. तुझे विद्यालय पाहावयाचे आहे." खाली गुरुजींची सही. मेहुणे मटकन बसले. गेली कित्येक वर्षं ते गुरुजींना "रियाज नियमित चालू आहे, वाद्य सुस्थितीत आहे" असं लिहीत आले होते. सिंथेसायझर हा शब्द पत्रात कधी आलाच नव्हता. "भावजी," ते मला म्हणाले, "त्यांनी माका पोरासारखो वाढवलो. आता म्हणतले, तू माझो कोण न्हंय."

मग एक बेत ठरला. म्हापशाच्या एका बँडमास्तराकडून तीन व्हायोलिनं उसनी आणली. दोन विद्यार्थी धरायला तयार झाले, तिसरा मिळेना, म्हणून मला बसवलं. मी पोस्टातला कारकून. "गज नुसतो वर-खाली करा," मेहुण्यांनी बजावलं. आवाज निघू नये म्हणून गजांना चांगला साबण चोळला. मागे सासूबाईंचं जुनं लुगडं पडदा म्हणून टांगलं, आणि त्यामागे सिंथेसायझरवर बसला खाणीच्या कचेरीतला टायपिस्ट. हा वर्गातला सर्वांत तयार विद्यार्थी, फक्त ओळ संपली की सवयीने त्याचा डावा हात टाइपरायटर सरकवायला हवेत जायचा.

गुरुजी आले. किरकोळ देह, काळी टोपी, हातात छत्री. चटईवर बसले आणि म्हणाले, "हं, दरबारी." टायपिस्टने व्हायोलिनच्या आवाजाचं बटण दाबलं, आम्ही गज ओढले. मी तर डोळेच मिटून घेतले. चार-पाच मिनिटं झकास गेली. गुरुजींची मानही हलत होती म्हणे. आणि डिचोलीची वीज गेली.

सूर थांबला. खालची गिरणही थांबली. बाकीच्या दोघांचे गज जागच्या जागी थिजले. मला यातलं काही कळलं नाही. त्या शांततेत मी आणखी बराच वेळ तल्लीन होऊन वाजवत होतो.

"त्यांना थांबवा की रे कुणीतरी," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी उठून लुगडं बाजूला केलं. टायपिस्ट उभा राहिला. मेहुण्यांनी गुरुजींचे पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. "यंत्र वाजव, नाहीतर पत्र्याचा डबा वाजव," गुरुजी म्हणाले, "पण मला पत्रात खोटं लिहिलंस, ते लागलं बघ मनाला." तेवढ्यात वीज आली, गिरण घरघरली. गुरुजी यंत्राकडे वळले. "आणि दरबारीचा गंधार असा असतोय काय? तो झुलायला पाहिजे. हे चाक कशाचं?"

सूर वर-खाली करणारं ते चाक होतं. गुरुजी खुर्चीत बसले ते उठेचनात. एक गंधार त्यांनी दुपारपर्यंत झुलवला. जेवायला खाली जायलाही तयार नव्हते, म्हणून गिरणवाल्याने उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव, आणि पातळभाजी वर पाठवली. परतीची गाडी चुकली. मग ते तीन दिवस राहिले. रोज सकाळी यंत्रावर षड्ज लावून ठेवायचे आणि मेहुण्यांना समोर बसवून व्हायोलिन घोटून घ्यायचे. निघताना बसच्या खिडकीतून म्हणाले, "दोन्ही ठेव. पण पत्रं खरी लिही."

मेहुण्यांनी दोन्ही ठेवलं. पुढे हरमलच्या किनाऱ्यावर ते यंत्राच्या ठेक्यावर व्हायोलिनमधून दरबारी वाजवत, आणि गोरी माणसं वाळूत डोळे मिटून नाचत, हे मी स्वतः पाहिलं आहे. गुरुजी हयात होते तोवर बेळगावला दर महिन्याला पत्र जात होतं. त्यात काय लिहीत ते मी कधी विचारलं नाही.

इतकी वर्षं मोठमोठ्या स्पीकरांशेजारी उभं राहून मेहुण्यांचे कान आता गेले आहेत. वरचे सूर त्यांना ऐकू येत नाहीत. गेल्या चतुर्थीला पार्से गावच्या घरी आरती झाल्यावर त्यांनी व्हायोलिन काढलं. तारसप्तकात गेले, एका सुरावर थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

"भावजी, सूर लागलो?"

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

"लागलो," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि डोळे मिटून पुढे वाजवू लागले.